कोल्हा, द्राक्षे आणि मेहरूणची बोरे

काही वर्षांपूर्वी जळगावकडच्या एका महाविद्यालयात आम्ही पहिल्या वर्षाच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. 'म्हण पूर्ण करा आणि अर्थ लिहा' असा दोन गुणांचा एक प्रश्न होता. त्यात 'कोल्ह्याला' एवढाच शब्द छापलेला आणि पुढे टिंबे होती. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे 'द्राक्षे आंबट' असे लिहिले. एका पत्रिकेत मात्र 'कोल्ह्याला बोरं आंबट' असे आढळले. पुढे अर्थ अगदी बिनचूक होता. आम्ही 'बोरं' या शब्दावर लाल रेघ मारली आणि एक गुण कापला.

पत्रिका परत दिल्यावर तो विद्यार्थी भेटायला आला. मेहरूणचा होता. वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, त्याने फक्त एवढेच विचारले, "सर, आमच्याकडं द्राक्षं कुठं होती? बोरंच होती. आजी सांगते, रात्री कोल्हे बोरंच खायला यायचे. मग त्याला द्राक्षं कशी दिसली?" आम्ही हसलो आणि शिक्षकाला शोभेल असे उत्तर दिले : "म्हण बदलता येत नाही."

उत्तर ठाम होते, पण पुढे ते आमचे आम्हालाच टोचत राहिले. कारण ही म्हण मुळात आपली नाही. इंग्रजीत जिला 'सावर ग्रेप्स' म्हणतात, तिचेच हे मराठी रूप. इंग्रजीतही ती बाहेरूनच आलेली. आणि या सगळ्या प्रवासात ती एकदा नव्हे, निदान तीनदा बदललेली आहे. तो बदल कुठे, कसा झाला आणि त्यात काय हरवले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्या कापलेल्या गुणाची ही उशिरा केलेली फेरतपासणी आहे, असे म्हटले तरी चालेल.

ज्यांना मेहरूण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जळगावच्या अंगाला असलेले हे जुने गाव. त्याचा तलाव प्रसिद्ध, आणि त्याहून प्रसिद्ध त्याची बोरे. फळशास्त्राच्या पुस्तकांत बोराच्या जातींची यादी येते, तीत उमराण, कडाका यांच्या जोडीला 'मेहरूण' हे एका जातीचे नाव म्हणून छापलेले असते. गावाच्या नावाने फळ ओळखले जावे, हा मान फार थोड्या गावांना मिळतो. आज मेहरूण जळगाव शहरात पूर्णपणे सामावले आहे आणि बोरींच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तरी थंडी पडली की जळगावच्या बाजारात 'मेहरूणची' असे म्हटले म्हणजे पुढे 'बोरे' हा शब्द उच्चारावा लागत नाही. खानदेश हा केळीचा आणि कापसाचा मुलूख. द्राक्षाचा मांडव हे इथले चित्र नव्हे.

आता मूळ कथेकडे. परंपरेने इसाप हा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक गुलाम मानला जातो; हिरोडोटसने त्याचा उल्लेख केला आहे. त्याच्या नावावर चालणाऱ्या कथा कितीतरी नंतर लेखनबद्ध झाल्या. भुकेला कोल्हा, उंच वेलावर लटकणारे घोस, ते हाती न आल्याने निघून जाणे आणि जाता जाता टाकलेले एक वाक्य, एवढीच ही गोष्ट आहे. सारा जीव त्या शेवटच्या वाक्यात आहे. मूळ ग्रीकमध्ये कोल्हा द्राक्षांना 'आंबट' म्हणत नाही. तो त्यांना 'ओम्फाकेस' म्हणतो. हे विशेषण नव्हे, नाम आहे. न पिकलेल्या द्राक्षाला ग्रीक भाषेत स्वतंत्र शब्द होता, जसा मराठीत न पिकलेल्या आंब्याला आहे. कैरी आंबट असते हे खरे. पण 'कैरी' म्हणजे 'आंबट आंबा' नव्हे. कैरी म्हणजे ज्याची वेळ अजून यायची आहे असा आंबा. ग्रीक कोल्हा, आपल्या भाषेत सांगायचे तर, 'या कैऱ्या आहेत' एवढेच म्हणून निघून गेला. तो खोटे बोलला, स्वतःचीच समजूत काढली, हे सगळे आहेच. पण त्याने फळाच्या जातीला बट्टा लावला नाही. त्याने काळाचे निमित्त केले. उद्या, परवा, पुढल्या पंधरवड्यात तीच द्राक्षे पिकतील आणि तोच कोल्हा पुन्हा त्याच वेलाखाली येईल, एवढी फट त्याच्या बोलण्यात शिल्लक आहे.

पहिला बदल रोमन भूमीवर झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रस या मुक्त झालेल्या गुलामाने या कथा लॅटिन पद्यात आणल्या. त्याचा कोल्हा दोन गोष्टी बोलतो : अजून पिकलेली नाहीत, आणि तुरट-आंबट मला नकोत. पहिली गोष्ट ग्रीकच आहे. दुसरीत चव आली आणि 'नको' हा शब्द आला. कथेच्या शेवटी फीड्रस बोट उगारून सांगतो की जे आपल्याला जमत नाही त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतःला लावून घ्यावे. एकदा गुलाम राहिलेल्या माणसाने मोठ्यांच्या ढोंगाविषयी असे लिहावे, यात नवल नाही.

पुढे युरोपच्या भाषांनी यातला एकेक शब्द उचलला. १६६८ साली ला फाँतेनने फ्रेंचमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याच्या कोल्ह्याने द्राक्षांना 'फार हिरवी' म्हटले. रशियनमध्ये क्रिलोव्हच्या पद्यकथेमुळे जी म्हण रूढ झाली तिच्यातही द्राक्ष 'हिरवे' आहे. म्हणजे या दोन भाषांनी ग्रीक कोल्ह्याचा काळ जपला. हिरवे ते कधीतरी पिवळे होणारच. इंग्रजीने मात्र 'सावर', म्हणजे आंबट, हा शब्द धरला. इसापच्या कथा कॅक्स्टनने १४८४ साली इंग्रजीत छापल्या. छापखान्याच्या अगदी पहिल्या पिढीतले ते पुस्तक. इंग्रजी मनात 'आंबट द्राक्षे' ही जोडी आणखी एका दाराने शिरलेली होती. बायबलच्या जुन्या करारात, यिर्मया आणि यहेज्केल या दोन्ही ग्रंथांत, एक हिब्रू म्हण येते : आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. तिचा अर्थ वेगळाच आहे. एकाच्या पापाची फळे दुसऱ्याने भोगावी काय, असा तो प्रश्न आहे, आणि दोन्ही संदेष्टे ती म्हण यापुढे चालणार नाही असेच बजावतात. पण १६११च्या इंग्रजी बायबलवर वाढलेल्या समाजाच्या कानांत हे दोन शब्द जोडीने बसलेले होते. इसापच्या कोल्ह्याला त्याचा उपयोग झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

आंबट म्हटले की मामला संपतो. आंबटपणा हा फळाचा स्वभाव ठरतो. आजच्या इंग्रजीत तर हा वाक्प्रचार आणखी पुढे घसरला आहे. हरलेल्या खेळाडूने पंचांविषयी कुरकुर केली, बढती न मिळालेल्याने साहेबाविषयी वाईट बोलले, की त्याला 'सावर ग्रेप्स' म्हणतात. म्हणजे नुसती जळफळ. कोल्हा तर जळफळला नव्हता. त्याने शांतपणे स्वतःची समजूत घातली होती. मराठीने या बाबतीत इंग्रजीपेक्षा कथा अधिक नीट सांभाळली आहे. आपण 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' म्हणतो ते अजूनही न मिळालेल्या वस्तूला कमी लेखणाऱ्यालाच, नुसत्या चडफडणाऱ्याला नव्हे.

कथेतले फळ कायम ठेवायचे की बदलायचे, हा प्रश्न विचारणारे आमचा विद्यार्थी काही पहिला नव्हे. उत्तर युरोपात द्राक्षे पिकत नाहीत. स्वीडिश आणि फिनिश लोकांनी त्यावर सरळ उपाय केला. त्यांच्या म्हणीतला कोल्हा रोवन नावाच्या रानझाडाच्या लालभडक फळांना आंबट म्हणतो. नॉर्वेतही तेच. ही फळे खरोखरच आंबट-कडवट असतात आणि हिमाचा कडाका बसला की त्यांची चव निवळते. तिथे कोणा शिक्षकाने लाल रेघ मारली नाही. उलट तीच त्या भाषांची प्रमाण म्हण झाली. म्हण बदलता येत नाही, हे आमचे वाक्य इथेच पहिल्यांदा आपटले.

मराठीत ही कथा दोन वाटांनी आली. पहिली वाट तंजावरची. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजी राजांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने तिथे छापले गेले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी छापलेले हे मराठी पुस्तक इकडच्या वाचकांपर्यंत पोचले नाही. दुसरी वाट मुंबईची, आणि तीच खरी वाहती ठरली. एल्फिन्स्टनच्या काळात उभ्या राहिलेल्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामाशी जोडलेले सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजेच बापू छत्रे, यांनी १८२८ साली 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके मराठीत आणली. आधुनिक मराठी गद्याच्या पहिल्या शिल्पकारांत त्यांची गणना होते ती याच कामामुळे. पेशवाई १८१८ साली बुडाली. दहा वर्षांच्या आत मराठी मुलाच्या हाती जे छापील गद्य पडले त्यात हा कोल्हा होता. पिढ्यान्‌पिढ्या क्रमिक पुस्तकांनी तो मुलांना पाठ करायला लावला आणि हळूहळू तो इतका घरचा झाला की म्हणींच्या यादीत 'नाचता येईना अंगण वाकडे' हिच्या शेजारी जाऊन बसला. दोन्ही म्हणी ढोंगावरच्या, म्हणून आपण त्या जोडीने शिकवतो. एक अंगणातून आलेली आणि एक शाळेतून, हे मात्र सांगायचे राहून जाते.

या भाषांतरात दुसरा बदल झाला, प्राण्याचा. इंग्रजीतला 'फॉक्स' म्हणजे मराठीत काटेकोरपणे खोकड. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल'. हिंदीत हा घोटाळा नाही; तिथे लोमडी वेगळी आणि सियार वेगळा, आणि आंबट अंगुरांची गोष्ट लोमडीचीच आहे. गंमत अशी की ग्रीक, लॅटिन आणि हिंदी या तिन्ही भाषांत हा प्राणी व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. मराठीत येताना त्याने जातही बदलली आणि लिंगही. तरी भाषांतर चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गोष्टींच्या दरबारात धूर्ताची गादी आपल्याकडे कोल्ह्याची होती. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हेच आहेत, निळीच्या पिंपात पडून राजा झालेलाही कोल्हाच. खोकड बिचारे माळावर उंदीर आणि टोळ टिपत फिरते. त्याच्या नावावर कथा नाहीत. मराठी कानाला 'खोकडाला द्राक्षे आंबट' हे वाक्य लागलेच नसते. म्हणजे अनुवादकांनी आपल्या वाचकासाठी प्राणी बदलला आणि ते योग्यच केले.

मग फळ का बदलले नाही?

द्राक्ष इथे अगदीच अनोळखी होते असे नाही. संस्कृत काव्यात आणि आयुर्वेदात ते जुनेच आहे, द्राक्षासव घराघरांत होते, आणि चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी केली आहे. पण नाशिक-सांगलीकडे आज दिसतात तसे द्राक्षांचे मळे विसाव्या शतकातले. १८२८ साली शाळेत बसणाऱ्या सामान्य मराठी मुलाने मनुका पाहिल्या असतील; वेलावरचा घोस क्वचितच. त्याच्या दृष्टीने द्राक्ष ही श्रीमंतांच्या ताटातली किंवा वैद्याच्या बाटलीतली वस्तू. अनुवादकांनी ती तशीच ठेवली. कदाचित त्यामागे मूळ ग्रंथाविषयीचा आदर असेल. परिणाम मात्र असा झाला की ग्रीक मुलाला जी गोष्ट परसातली वाटत होती ती मराठी मुलाला पुस्तकातली वाटली. ग्रीसमध्ये कोल्हे खरोखरच द्राक्षांवर धाडी घालत. ॲरिस्टोफनीसच्या एका नाटकात सैनिकांना कोल्ह्यांची उपमा दिली आहे ती शेतातली द्राक्षे फस्त करतात म्हणूनच. थिऑक्रिटसने वर्णिलेल्या एका नक्षीदार पेल्यावरही द्राक्षवेलीत शिरलेला कोल्हा कोरलेला आहे. इसापला ही कथा कल्पनेने रचावी लागलेली नाही. कोणत्याही मळेकऱ्याने ती पाहिलेली होती.

तसे आपल्या कोल्ह्याचे काय? आमच्या विद्यार्थ्याची आजी जे सांगत होती, ते निसर्गाचे अभ्यासकही सांगतात : कोल्हा मांसाइतकाच फळांवर जगतो, बोरे आवडीने खातो आणि बोरीच्या बिया रानभर पेरतो. पण खरा धक्का आम्हाला कोशात बसला. संस्कृतात बोराला 'कोल' आणि 'कोलि' असेही शब्द आहेत आणि रानबोराच्या एका काटेरी जातीचे नाव 'शृगालकोलि' असे आहे. शृगाल म्हणजे कोल्हा. कोल्ह्याचे बोर! बंगालीतले तिचे 'शियाकुल' हे नाव त्यातूनच आले, आणि इंग्रजी वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तिला 'जॅकल जुजुब' असेच म्हटले. म्हणजे कोल्हा आणि बोर ही जोडी या भूमीवर इसापच्या मराठी अनुवादाच्या कितीतरी आधीपासून नावात गोठलेली होती. मेहरूणच्या त्या मुलाने उत्तरपत्रिकेत चूक केली नव्हती. त्याने आजीचे ऐकून, नकळत, एक जुना शब्द पुन्हा उच्चारला होता.

इथे एका मराठी कोल्ह्याची आठवण काढली पाहिजे. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण पूर्णपणे आपल्या मातीतली. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात कोल्हा आणि गाढव रात्री काकडीच्या वाडीत शिरतात. गाढवाला पोट भरल्यावर गाण्याची हुक्की येते, कोल्हा 'मामा, नको' म्हणून विनवतो, मामा ऐकत नाही आणि मार खातो. म्हणजे कोल्हा-काकडी हे नाते जुनेच. म्हणीचा अर्थ, क्षुद्राला क्षुद्र लाभानेच समाधान. आता ही म्हण इसापच्या म्हणीशेजारी ठेवून पाहावी. एक कोल्हा जे मिळत नाही त्याची किंमत कमी करतो; दुसरा जे मिळते त्याची वाढवतो. मन एकच, त्याची दोन टोके. आपण दोघांनाही हसतो.

ते हसणे कितपत रास्त आहे, हा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा उपस्थित झाला. यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९८३ साली 'सावर ग्रेप्स' याच नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : माणसाच्या इच्छा पूर्ण होणे म्हणजे न्याय, असे आपण समजतो, पण त्या इच्छाच परिस्थितीने छाटून लहान केलेल्या असतील तर? ज्याने द्राक्षांची इच्छाच सोडली तो कोल्हा सुखी आहे, तक्रार करत नाही. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला नाही असे म्हणायचे काय? अमर्त्य सेन यांनीही पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेल्यांच्या समाधानाविषयी हीच शंका घेतली आहे. हा विचार डोक्यात घेऊन 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण उच्चारून पाहा. जीभ जरा अडखळते. मांडव इतका उंच कोणी बांधला, हे कोल्ह्याला कोणी विचारले नाही, आणि मांडव बांधणाऱ्याला तर त्याहून नाही.

तिसरा बदल चवीचा. मराठीने इंग्रजीतला 'आंबट' हा शब्द जसाच्या तसा घेतला आणि ग्रीक कोल्ह्याची 'कैरी' आपल्यापर्यंत पोचलीच नाही. याची हळहळ वाटण्याचे कारण असे की पिकण्याचा विचार आपल्या साहित्यशास्त्राला परका नव्हता. नवव्या-दहाव्या शतकाच्या संधीवर राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळातला हा पंडित. कविता कशी पिकते हे सांगताना त्याने नऊ 'पाक' कल्पिले आणि त्यांना चक्क फळभाज्यांची नावे दिली : लिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी, नारळ. आरंभी चव कशी आणि शेवटी कशी, यावरून हे प्रकार पाडले आहेत. द्राक्षपाक म्हणजे आरंभी बेचव आणि अखेर गोड. बोरपाक म्हणजे आरंभी बेचव आणि अखेर मध्यम. (काकडीपाक म्हणजे आरंभी उत्तम आणि अखेर मध्यम, आपल्या 'राजी' कोल्ह्याने हे वाचले असते तर त्याचा उत्साह मावळला असता.) आमच्या वर्गात हा भाग शिकवताना आता आम्ही थांबतो. राजशेखराच्या मते द्राक्ष आधी बेचवच असते, आणि तो दोष नव्हे, ती पाकाची पहिली पायरी आहे. ग्रीक कोल्ह्याचे वाक्य त्याला लगेच कळले असते. बोराला त्याने 'मध्यम' ठरवले याचे मात्र मेहरूणकरांना वाईट वाटेल. कनोजच्या दरबारात बसून त्याने कुठली बोरे खाल्ली कोण जाणे.

बोर आणि चव म्हटले की शबरी आठवल्याशिवाय राहत नाही. वाल्मीकिरामायणातली शबरी रामासाठी रानातली कंदमुळे-फळे जमवून ठेवते. तिथे बोरांचा उल्लेख नाही आणि उष्टेपणाचाही नाही. प्रत्येक बोर चाखून, आंबट टाकून गोड तेवढे ठेवणारी शबरी ही नंतरच्या भक्तिपरंपरेने घडवलेली. आज आपण तिलाच मूळ समजतो. एखाद्या कथेत लोकांनी मागाहून घातलेला तपशील मूळ कथेहून खरा ठरू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आणि हा तपशील इसापच्या कथेच्या बरोबर उलट आहे. कोल्ह्याने एकही द्राक्ष न चाखता निकाल दिला. शबरीने प्रत्येक बोर चाखले. पंचतंत्राच्या ज्या पाचव्या तंत्रात काकडीच्या वाडीची गोष्ट येते त्याचे नाव 'अपरीक्षितकारक' आहे, म्हणजे न पारखता करणारा.

न पारखता निकाल देणारे आम्हीही होतो. खानदेशातल्या मुलांच्या लेखनात बोलीचा एखादा शब्द आला की लाल शाई आपोआप वाहते. ज्या आसोद्यात बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या ते गाव जळगावपासून काही फार दूर नाही. त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली तेव्हा त्या हयात नव्हत्या. आदल्याच वर्षी गेल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी त्या हयात असताना त्या गाण्यांना आंबट म्हटले नाही, हे खरे. म्हणायलासुद्धा कोणी इतके जवळ आले नव्हते. आज त्यांच्याच कवितेतले बोलीचे शब्द आम्ही फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ सांगतो आणि तास संपल्यावर तसेच शब्द उत्तरपत्रिकेत दिसले की खोडतो.

यावर आमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की प्रत्येक गावाने आपापली म्हण चालवली तर भाषेचे नाणे चालणार कसे? नागपूरकराने 'कोल्ह्याला संत्री', रत्नागिरीकराने 'कोल्ह्याला आंबे' म्हटले तर परीक्षा कशी घ्यायची? आक्षेपात तथ्य आहे. म्हणीचे बळ तिच्या ठरीव शब्दांत असते, आणि अर्धी म्हण ऐकताच समोरच्याने उरलेली पुरी करावी ही तिची गंमत आहे. आम्ही विद्यार्थ्यांना 'द्राक्षे आंबट' हेच शिकवतो आणि शिकवत राहू. पण संत्र्याचा आणि बोराचा मामला एक नाही. कोल्हा संत्रे खातो असे कोणी म्हणत नाही; कोल्ह्याचे बोर मात्र कोशात आहे, रानात आहे आणि एका आजीच्या आठवणीत आहे. शिवाय 'पूर्ण करा' आणि 'अर्थ लिहा' असे दोन प्रश्न असताना, दुसऱ्या उत्तराने पहिल्याची चूक कुठून आली हे दाखवले असेल, तर तपासणाऱ्याने निदान पेन खाली ठेवून क्षणभर विचार करावा. आम्ही तो केला नाही. तो विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडला, आणि तो एक गुण परत देण्याची सोय कोणत्याही विद्यापीठात नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही मेहरूणच्या तलावावर फिरायला गेलो होतो. परतताना एका जुन्या घराच्या कुंपणावरून रस्त्यावर झुकलेली बोर दिसली. खालच्या फांद्या रिकाम्या. वरच्या, हात न पोचणाऱ्या फांद्यांवर हिरवीगार बोरे लगडलेली. दारात एक आजीबाई उन्हाला बसल्या होत्या. काहीतरी बोलायचे म्हणून आम्ही विचारले, "आजी, ही बोरं आंबट असतील, नाही?"

"आंबट कशाची?" त्या म्हणाल्या. "अजून व्हायची आहेत ती. संक्रांत झाली की या."